कापलेले समास

आधी ताईंचं सांगते, मग माझं. मी स्वतःपासून सुरुवात केली तर माझंच रडगाणं लांबत जाईल आणि ताईंसाठी शेवटच्या चार ओळी उरतील. मी ओळखते ना मला.

बडोद्यातल्या एका मोठ्या कॉलेजच्या ग्रंथालयात, जिन्याखालून आत वळलं की फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची एक खोली आहे. ताई तिथे तीसेक वर्षं बसतात. मराठी बोलणारे त्यांना ताई म्हणतात, बाकी सगळे बेन. घराणं इथलंच. आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यामुळे घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. उजव्या अंगठ्यावर वाळलेल्या खळीचा पांढरा पापुद्रा, तो बहुतेक आता कातडीचाच भाग झालाय. कोणी आभार मानलेले त्यांना अजिबात चालत नाहीत. मी एकदा म्हणायला गेले तर म्हणाल्या, "बस ने, पुरे! तो दोरा दे इकडे."

म्हणून हे लिहून ठेवते आहे. लिहिलेल्याला त्या मधेच "बस ने" म्हणू शकणार नाहीत.

आता माझं.

मी आठवीनंतर शाळा सोडली. सोडली म्हणजे सुटली. आई अंथरुणाला खिळली, घरात दुसरं बाईमाणूस नाही, आणि आत्याचं गावातच शिवणाचं दुकान. परभणीकडचं आमचं गाव. सकाळी आईचं करायचं आणि दुपारी आत्याकडे मशीनवर बसायचं. अशी सात वर्षं गेली. ब्लाउज, परकर, पिकोफॉल. जूनमध्ये शाळेचे गणवेश. जी शाळा सोडली तिचेच गणवेश शिवत होते, माझ्या वर्गातल्या मुलींच्या धाकट्या बहिणींचे. त्यांची मापं घेताना मी खाली बघत असे.

मग आई गेली. नंतर मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, पुढे बारावी. माझी एक मावसबहीण लग्न होऊन बडोद्याला आलेली, तिचे यजमान कारखान्यात. समा भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर. ती म्हणाली, "इकडे ये. इथे कॉलेजातच मुलांना काम देतात म्हणे, फावल्या तासांत. शिकशीलही आणि कोणावर ओझंही होणार नाहीस."

आत्याने जाऊ दिलं, पण अट घातली. "दिवाळीपर्यंत बघ. पक्कं काम मिळालं तर खुशाल शीक. नाही मिळालं तर परत ये, आणि मग पुन्हा हे खूळ काढायचं नाही. मशीन झाकून ठेवते."

मशीन झाकून ठेवते, हे ती मायेनेच बोलली होती. पण मला रात्रंदिवस ते कापड घातलेलं मशीन दिसायचं.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पुढच्या बाकावरची चार मुलं उठून उभी राहिली. त्यांना मी प्राध्यापिका वाटले. माझं वय तेवीस, साडी नेसलेली, हातात वही. सगळे पोट धरून हसले, मीही हसले, आणि तेव्हापासून अख्ख्या वर्गाची मी दीदी झाले. प्रेमाने म्हणायचे ती पोरं, पण त्यांच्यात बसताना मला आपण चुकीच्या गाडीत बसलोय असं वाटत राहायचं. तिकीट तपासणारा कधीही येईल आणि उतरवेल. ओळखपत्र मी सतत मुठीत धरून असे. घामाने त्याचं प्लास्टिक आतून धुरकटलं होतं.

काम शोधणं सुरू झालं. सूचनाफलकासमोर मी रोज दोनदा उभी राहायची, जाताना आणि येताना, कारण मधल्या वेळात नवीन कागद लागला असला तर? काम मागायचा एक छापील फॉर्म होता. त्यात एक रकाना होता, अनुभव. तो मी कोराच ठेवायची. तिथे काय लिहू, कटोरी ब्लाउज?

कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत विचारलं, "एक्सेल आवडे छे?" गुजरातीत आवडणं म्हणजे येणं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "हो, आवडेल." समोरच्या माणसाने दोन मिनिटांत सगळं ओळखलं आणि म्हणाला, "शीखीने आवजो." शिकून या. वसतिगृहाच्या कचेरीत गुजराती वाचता येणारं कोणी हवं होतं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत विज्ञानाचेच विद्यार्थी लागायचे. शिकायला काम हवं, आणि कामाला आधी शिकलेलं हवं. मी बहिणीला म्हटलं, "अगं, यांना आधीच सगळं येणारी माणसं पाहिजेत." ती म्हणाली, "जगाला तशीच हवी असतात. तू विचारत राहा."

मग ती सुईची गोष्ट झाली.

आत्याच्या दुकानातल्या सवयीने माझ्या पदराच्या आत नेहमी एक सुई-दोरा अडकवलेला असतो. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात मी एक पुस्तक वाचत होते, त्याची मधली पानं सुटून हातात आली. बाजूला ठेवावं, कोणाला सांगावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हात आपोआप पदराकडे गेला आणि मी पानं शिवायला लागले. सहा टाके झाले असतील.

"आ शुं करो छो?" मागून आवाज आला. कपाटांवर नजर ठेवणारे काका. मी सुई तोंडात धरून दोरा ताणत होते, त्यामुळे उत्तरही देता येईना.

"पुस्तकाला टाके घालते आहे ही!" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि मला, पुस्तकाला आणि सुईला घेऊन ते जिन्याखालच्या खोलीत आले. "बेन, बघा. तुमचं काम कोणीतरी वर बसून करतंय."

मला वाटलं, संपलं. ओळखपत्र काढून घेणार.

ताईंनी पुस्तक उघडायचा प्रयत्न केला. ते उघडेना, मी समासातून आरपार शिवून टाकलं होतं. त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पुस्तक उघडायचं असतं बाई. ब्लाउजसारखं अंगात घट्ट बसवायचं नसतं." काका खो खो हसले. मग ताईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि टाक्यांवरून नख फिरवलं. "चुकीच्या जागी आहे. पण टाका सरस आहे. एकसारखा. किती वर्षं शिवतेस?"

"सात."

"आणि इथे काय करतेस?"

"बी.ए. पहिलं वर्ष. आणि काम शोधतेय. फॉर्म भरलाय, पण अनुभव नाही."

"सात वर्षं म्हणालीस ने आत्ता?"

त्यांनी ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला आणि अनुभवाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं, शिवणकाम, सात वर्षं.  त्या फॉर्मवर शिफारस करणाऱ्याची सही त्यांनी तिथल्या तिथे केली. दोन दिवसांनी ग्रंथपाल साहेबांनी मला कच्च्या यादीत घेतलं. रोज दुपारी तास संपले की तीन तास. पक्की यादी दिवाळीच्या आधी लागणार होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार नाही त्याचं नाव राहणार, तक्रार असेल तर कटणार.

ऑगस्ट ते ऑक्टोबर मी किती शिकले! मैद्याची खळ शिजवायला शिकले. गुठळी होऊ द्यायची नाही आणि किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालायचा. दोऱ्याला मेण लावायचं. छापखान्यात एकच मोठा कागद दुमडून जी पानांची जुडी करतात तिला फर्मा म्हणतात, आणि सुई त्या फर्म्याच्या घडीतूनच घालायची, समासातून कधीच नाही. शिवलेलं पुस्तक दाबून ठेवायच्या लाकडी दाबाला शिकंजा. पुठ्ठ्याच्या आत चिकटवतात तो कागद अस्तर, आणि अस्तर म्हटल्यावर मला एकदम गावची आठवण आली. पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता गुजराती अक्षरं यायला लागली, इंग्रजी स्पेलिंगं डोळ्यांखालून गेली. दुरुस्त झालेल्या पुस्तकांची नोंद कॉम्प्युटरवर करायची असायची. ताई म्हणायच्या, "तू कर, माझे डोळे दुखतात." डोळे खरंच दुखत होते, मोतीबिंदू होता. पण मला बसवण्यासाठीही म्हणत असाव्यात.

आणि झबलं. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "खिळ्याचं झबलं आण." मी खोलीभर बाळाचा अंगरखा शोधला. बडोद्याकडे झबलं म्हणजे प्लास्टिकची पिशवी. टेबलाशेजारी खिळ्याला एक टांगलेली असायची, कापलेले तुकडे, जुना दोरा, सगळं तिच्यात. ताईंचा नियम असा, की पुस्तक दुरुस्त होऊन मांडणीवर पोचेपर्यंत त्याचं झबलं रिकामं करायचं नाही. वर चिठ्ठी लावायची, कुठल्या पुस्तकाचं ते. साफसफाईवाल्या बाई कुरकुरायच्या, "बेन कचराही जपून ठेवतात." मलाही तो म्हातारपणाचा चिक्कूपणा वाटायचा. आत्याच्या दुकानात चिंध्या त्याच संध्याकाळी झाडून बाहेर.

यादी लागायला तीनेक आठवडे होते तेव्हा ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक जुनं मराठी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं, भाजीपाल्याच्या लागवडीचं. पाठ पूर्ण गेलेली. घड्या फाटून पान न् पान सुटायला आलेलं. "एवढं कर, पानं सुटी कर, मऊ ब्रशने धूळ काढ, क्रमाने ठेव. बाकी हात लावू नकोस. मी आले की बघू. घाई नाही, निरांते कर."

ते काम पहिल्याच दुपारी संपलं. दुसऱ्या दिवशी मी रिकामी बसले होते तर साहेब दारातून डोकावले. "काम चालू छे ने?" मी "हो हो" म्हणत उभी राहिले. ते गेले. रिकामी बसलेली दिसले मी त्यांना. यादीच्या तोंडावर.

पानांच्या कडा पिवळ्या, करवतीसारख्या झाल्या होत्या. आत्याचं वाक्य माझ्या हाडात बसलेलं, काठ सरळ नसेल तर शिवण सरळ येत नाही. शिवणाऱ्या बाईने पहिलं काय करावं, तर काठ सरळ करावा. मी पट्टी घेतली, पातं घेतलं, आणि एकेका पानाची बाहेरची कड बोटाच्या पेराएवढी कापायला लागले. कडेला कोणीकोणी शाईने, पेन्सिलीने काही खरडलेलं होतं. पुस्तकात लिहू नये असं शाळेत शिकवलेलं मला, जेवढं शिकले तेवढ्यात. वाटलं, बरं झालं, ही घाणही निघाली. दीडशेच्या आसपास पानं होती. सगळी झाली तेव्हा गठ्ठा असा दिसत होता जसा इस्त्री केलेल्या गणवेशांचा. मी त्याचा फोटोही काढला. ताईंना दाखवायला.

शनिवारी दुपारी एक मॅडम आल्या. इतिहासात संशोधन करणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी ते पुस्तक कधी होईल असं विचारलं.

"सोमवारी ताई आल्या की शिवायला घेऊ," मी म्हटलं. "पुस्तक फार महत्त्वाचं आहे का?"

"पुस्तक नाही गं. असली लागवडीची पुस्तकं खूप मिळतील. मला त्याचे समास हवेत. एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी लिहून ठेवलंय कडेने, बायकांनीसुद्धा. तसं कुठे मिळतं?"

मी टेबलाच्या पुढे अशी उभी राहिले की गठ्ठा माझ्या मागे झाकला जावा. "सोमवारी," एवढंच परत म्हटलं. त्या गेल्यावर मी दार लोटलं आणि एक पान उचललं. कडेला लिहिलं होतं, "हे खोटे आहे. आमच्या दोडक्यास असे हो". त्यापुढे माझं पातं फिरलेलं.

त्यांना काहीच न सांगता मी खोलीला कडी लावून बहिणीकडे गेले. तिलाही सांगितलं नाही. रविवारी सकाळी आत्याचा फोन. "यादी लागली का? नसेल लागायची तर आत्ताच सांग. दिवाळीच्या ऑर्डरी पडल्यात, मी एकटी कुठवर पुरी पडू?"

"लागेल आत्या," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मनात आलं, कोणाला कळणार आहे? कडा सरळ शिवून पुठ्ठा चढवते, मॅडमना म्हणते की वाळवीने खाल्ल्या. ताईंना अजून नीट दिसणारही नाही. हे मी खरंच ठरवलं होतं, जवळजवळ अर्धा तास. मग मला ताईंचं ते बोट आठवलं, अनुभवाच्या रकान्यावर ठेवलेलं. मी चपला घातल्या.

शटल रिक्षाने मांडवीपर्यंत आले. दिवाळीची खरेदी, पाय ठेवायला जागा नाही. तिथून पाणीगेटच्या दिशेने चालत, विचारत विचारत ताईंचं घर गाठलं. दार काकांनी उघडलं, म्हणजे ताईंच्या यजमानांनी. मला पाहून आत ओरडले, "अहो, तुमची शिवणवाली आली बघा! डोळे शिवायला आली वाटतं!"

ताई काळा चष्मा लावून पाटावर बसल्या होत्या, पान वाढलेलं. मी दारातच रडायला लागले.

"कोणी मेलं का?" ताई.

मी मान हलवली.

"मान हलवू नकोस, मला दिसत नाही. तोंडाने बोल."

"नाही."

"मग आधी जेव. रडायचं असेल तर वरणभातानंतर रड. अहो, तिचं पान घ्या."

वरणात बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे गूळ सढळ. मी तीन घास गिळले आणि चौथा हातात धरून म्हटलं, "ताई, मी समास कापले."

"कुठले?"

"सगळे."

काका जेवायचे थांबले. ताईंनी पाण्याचा पेला चाचपून उचलला, प्यायल्या, खाली ठेवला. माझं अख्खं आयुष्य त्या पेल्याबरोबर खाली-वर होत होतं.

"झबलं रिकामं केलंस?"

"नाही."

"साफसफाईवालीला दिलंस?"

"नाही. तुमचा नियम आहे ना."

"मग रडतेस काय? भात घे अजून."

काका म्हणाले, "बघा, इतकी वर्षं मी घरातल्या पिशव्यांवरून बोलत होतो."

मी म्हटलं, "ताई, साहेबांना सांगायचं?"

"न सांगून काय करशील? इतिहासाच्या मॅडमनी ते पुस्तक मागितलंय, त्यांच्या हातात काय दुधी भोपळा देशील?"

सोमवारी सकाळी आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. मी ताईंचा हात धरला होता. बघणाऱ्याला वाटावं मी त्यांना आधार देतेय. साहेबांनी ऐकलं, कपाळाला हात लावला आणि विचारलं, हे कोणी कापलं? ताई म्हणाल्या, "मारा रूममां कपायुं छे, साहेब." माझ्या खोलीत कापलं गेलंय. बस, एवढंच. माझं नाव नाही, मुलीने असं केलं नाही, मी रजेवर होते असंही नाही.

ते ऐकून मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, मैंने काटा. ताई ने मना किया था."

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. ताईंना म्हणाले, लेखी खुलासा द्या. मला म्हणाले, "यादीवर मी पंधरा दिवसांनी सही करणार आहे. जोडून दाखवा, मग बघतो."

लेखी खुलासा. तीस वर्षांत पहिला. ताईंना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितला आणि मी दोन बोटांनी इंग्रजीत टाइप केला. चूक माझ्या देखरेखीखाली झाली, जबाबदारी माझी आहे. सुपरव्हिजनचं स्पेलिंग मी त्या दिवशी शिकले. माझं नाव घालू का विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? कागद लांब होईल."

मग ते पंधरा दिवस. पिशवीतल्या पट्ट्या टेबलावर पसरल्या, शेवयांसारख्या. कुठली कुठल्या पानाची, काही कळेना. ताईंचा एक डोळा झाकलेला, दुसरा आधीच अधू. त्या म्हणाल्या, "माझा उपयोग नाही. आता तूच सांग कसं करायचं."

मी तासभर नुसती बघत बसले. आणि मग दुकानातलं आठवलं. चौकड्यांच्या कापडाचा ब्लाउज शिवताना बगलेच्या शिवणीवर चौकडी जुळवावी लागते. मागची रेघ पुढच्या रेघेला मिळाली पाहिजे, नाही तर गिऱ्हाईक अंगावर फेकतं. अक्षरांचंही तसंच. आधी पट्ट्या शाईच्या रंगाने वेगळ्या केल्या, काळी, निळी, पेन्सिल. मग कागदाचे डाग. मग तुटलेल्या वेलांट्या, अर्धे काने. पानावर "हो" आणि पट्टीवर "त नाही". हे खोटे आहे, आमच्या दोडक्यास असे होत नाही! ती जुळली तेव्हा मी मोठ्याने ओरडले आणि वाचनकक्षातून कोणीतरी "शूऽऽ" केलं.

ताईंनी पातळ, जवळजवळ पारदर्शक कागदाच्या बारीक पट्ट्या करायला शिकवल्या आणि पाणी घातलेल्या खळीने पानाच्या मागून जोड द्यायला. त्या मॅडमना आम्ही पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, खुर्ची ओढली आणि जुनं वळण कसं वाचायचं ते मला दाखवायला लागल्या. "कारली अंगणात लावू नयेत असे सासूबाई म्हणतात" या ओळीखाली दुसऱ्या अक्षरात होतं, "लावली. काही झाले नाही." आम्ही तिघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. ताई चष्म्याखालून डोळा पुसत म्हणाल्या, "हसवू नका, टाके आहेत."

पाच पट्ट्या सापडल्याच नाहीत. मी टेबलाखाली, कपाटामागे, केरसुणीतही शोधल्या. त्या पाच पानांवरची वाक्यं आता कायमची अर्धी आहेत. माझ्यामुळे. त्यातलं एक मला पाठ आहे, "या वर्षी मिरच्या लावल्या, पण तिला त्या". पुढे काय ते कोणालाही कळणार नाही.

पंधराव्या दिवशी साहेबांनी पुस्तक उघडून खिडकीपाशी धरलं. बरीच पानं उलटली. "सांधो देखाय छे," म्हणाले. जोड दिसतोय. 

ताई म्हणाल्या, "दिसायलाच हवा साहेब. लपवला तर पुढच्याला कसं कळणार कुठे कापलं होतं ते?"

साहेबांनी पुस्तक मिटलं, यादी पुढे ओढली. माझं नाव तळाला, पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्यांनी ते पेनने गिरवलं आणि खाली सही केली.

मी जिन्यातूनच आत्याला फोन लावला. तिने दोनदा विचारून घेतलं, "पक्कं ना?" मग म्हणाली, "बरं. मग ते मशीन मी समोरच्या पोरीला बसायला देते. धूळ खात कशाला ठेवायचं?" आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

याला आता अडीच वर्षं होतील. मी तिसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. नवीन मुलं कामाला आली की खळ शिजवायला मी शिकवते, आणि पहिल्याच दिवशी झबल्याचा नियम सांगते. का ते विचारलं की ते भाजीपाल्याचं पुस्तक काढून दाखवते. हस्तलिखितांच्या जतनाचं पुढचं शिक्षण घ्यावं असं मनात आहे, त्याचे फॉर्म आलेत. त्यातही अनुभवाचा रकाना आहे. आता त्यात जागा पुरत नाही. भीती गेली असं म्हणणार नाही. ओळखपत्र अजून मुठीतच असतं. पण सुई आता बरोबर घडीतूनच जाते.

येत्या मे महिन्यात ताई निवृत्त होतील. त्यांच्या आजोबांची एक वही त्यांच्या कपाटात आहे, कचेरीतून आल्यावर रोज चार ओळी लिहायचे ती. कसरीने जाळी झाली आहे. मी एकदा विचारलं होतं, तुम्ही स्वतः का नाही दुरुस्त करत? म्हणाल्या, "घरच्यांवर डॉक्टर सुरी चालवत नाहीत. कोणाला तरी द्यायची आहे. तू शीक नीट, मग बघू."

मी ती वही अजून मागितलेली नाही. अजून तेवढं येत नाही मला, आणि न येता हात लावायचा नाही हे मी एकदा शिकले आहे. पण शिकून येईन, ताई. तुमच्या त्या पाणीगेटकडच्या घरात बसून, तुमच्यासमोर, पान न् पान सांधीन. एकही समास कापणार नाही, आणि वही तुमच्या हातात पडेपर्यंत झबलं खिळ्यावरून काढणार नाही. तेव्हा "बस ने" म्हणालात तरी मी ऐकणार नाही.